पडद्यामागची गादी

"तुम्ही स्वतः घरी कुठल्या गादीवर झोपता?"

हे मी विचारलं. मी, म्हणजे जिला वर्गात सगळे 'मूग' म्हणतात, कारण बाईंनी प्रश्न विचारला की मी मूग गिळून बसते. आणि विचारलं कुणाला, तर गाद्यांच्या शोरूमच्या मॅनेजरांना, त्यांच्याच शोरूममध्ये, गिऱ्हाइकांच्या देखत, माझी सख्खी ताई समोर उभी असताना.

मला काही हौस नव्हती. शनिवारी शाळा लवकर सुटते. ताईचा डबा घरीच राहिला होता, तो द्यायला मी निघाले तर पोपट आणि काडी मागे लागल्या. पोपट कधी गप्प बसत नाही आणि काडी जिथे जाईल तिथे काडी टाकते, म्हणून ती नावं. आत शिरल्या शिरल्या काडी कानात म्हणाली, "मूग, हिंमत असेल तर त्या टायवाल्यांना विचार, ते स्वतः कुठल्या गादीवर झोपतात."

"ही विचारणार?" पोपट म्हणाली. "त्यापेक्षा गादी बोलेल."

गादी बोलेल म्हणाली ना, तिथे माझं डोकं फिरलं.

मॅनेजर म्हणजे उंच, रुंद आणि नखशिखान्त इस्त्री केलेले. दिवसभर उभे. ते बसलेले कुणी पाहिले नव्हते, तर झोपलेले कोण बघणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मी जमिनीवर झोपतो," ते म्हणाले. "चटईवर. पाठीचा त्रास आहे मला."

कोपऱ्यातले सेल्समन काका एकदम भिंतीकडे वळून एक स्वच्छ उशी झटकायला लागले. एक गिऱ्हाईक खोकलं. आणि ताईच्या चेहऱ्यावरचा रंग असा उडाला, की मला डबा तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं.

रंग उडण्यासारखंच होतं. ताई बिझनेस मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या सत्रात एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करायची आणि तिथल्याच एखाद्या खऱ्या अडचणीवर प्रोजेक्ट करायचं, अशी पद्धत. दोन्ही पार पडलं तर पदवी, एक जरी गडगडलं तर पूर्ण वर्ष पुन्हा. इंटर्नशिपचा शेरा हे चटईवाले मॅनेजर देणार होते. आणि प्रोजेक्टचं घोडं तर आधीच अडलेलं होतं.

ताईने अडचण निवडली होती ती अशी: माणसं शोरूममध्ये येतात, गाद्या बघतात आणि न घेता जातात, ती का? विषय ऐकून तिच्या गाईड मॅडम खूश झाल्या होत्या. मग ताईने छान प्रश्नावली तयार केली, गळ्यात ओळखपत्र घातलं, हातात क्लिपबोर्ड घेतला आणि दारात उभी राहिली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती हसून विचारायची, "आपण आज खरेदी का केली नाहीत?" आणि प्रत्येक जण, बाई असो की बुवा, म्हातारा असो की नवीन लग्न झालेली जोडी, एकच उत्तर द्यायचा: "विचार करून सांगतो."

कागदांचा गठ्ठाच्या गठ्ठा, आणि सगळ्यांवर 'विचार करून सांगतो'. गाईड मॅडमनी कच्चा मसुदा परत केला तेव्हा म्हणाल्या, "हे तर मलाही घरबसल्या सांगता आलं असतं. यात तुला काय सापडलं?" त्या दिवसापासून ताई जेवताना भिंतीकडे बघायची.

बाबांचा या कोर्सवर पहिल्यापासून राग. बाबा दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतात. यंत्र एक तर चालतं नाहीतर बंद असतं, मधलं काही त्यांना पटत नाही. "धंदा शिकायला कॉलेज लागत नाही, दुकान लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि त्याचं शेपूट माझ्याकडे वळायचं: "हिचं धड पार पडलं तर ठीक. नाहीतर धाकटीला सायन्स. लगेच क्लास लावून टाकू. काय गं, लावू ना?"

मी म्हणायचे, "विचार करून सांगते."

म्हणजे ताई नापास झाली असती तर एका दगडात आम्ही दोघी पक्षी गारद.

तर आता पुन्हा शोरूममध्ये. मॅनेजर माझ्याकडे बघतायत, ताई माझ्याकडे बघतेय, मागे काडी आणि पोपट श्वास रोखून.

"का विचारलंस?" मॅनेजरांनी विचारलं.

खरं कारण सांगणं शक्य नव्हतं, आणि तोंड एकदा उघडलं होतं ते काही मिटेना. "काका, कारण इथे कुणी झोपूनच बघत नाही," मी म्हणाले. "मी आले तेव्हापासून बघतेय. त्या काकू गादीला ताप आल्यासारखा हात लावतायत. ते आजोबा बसमध्ये अर्धी जागा मिळाल्यासारखे कडेला टेकलेत."

आजोबा चटकन उठून उभे राहिले.

"मग तू बघ झोपून," मॅनेजर म्हणाले. "गाद्या काय शोभेला ठेवल्यात? झोप."

ते चिडून म्हणाले होते, हे मला कळत होतं. ताई डोळ्यांनी 'नको, नको' करत होती. पण 'गादी बोलेल' अजून कानात होतं. मी बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता, तो सगळ्यांनी पाहिला. मी आडवी झाले.

आणि खरं सांगते, गादी कशी आहे हे मला कळलंच नाही. वर बघितलं तर ट्यूबलाइट थेट डोळ्यांत. एका बाजूला मॅनेजर वाकून बघतायत, दुसऱ्या बाजूला सेल्समन काका उशी छातीशी धरून, पायाशी ताई क्लिपबोर्ड घेऊन. काचेपलीकडे रस्त्यावरचा एक माणूस चालता चालता थांबून बघायला लागला. ऑपरेशनच्या टेबलावर ठेवलंय आणि डॉक्टरांना अजून काही सुचत नाहीये, असं वाटलं.

"कशी आहे?" मॅनेजर.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

देवाशपथ, मुद्दाम नाही म्हणाले. तोंडातून गेलं. तिथून सुटायचं होतं आणि सुटायला दुसरं वाक्यच आठवलं नाही.

मॅनेजरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि ताईला म्हणाले, "तुमच्या पाहुण्यांना दारापर्यंत सोडून या."

रस्त्यावर आल्यावर पोपट पहिल्यांदाच गप्प होती. काडी म्हणाली, "मूग, मानलं बाई तुला."

संध्याकाळी ताई घरी आली ती चप्पल फेकूनच. "माझ्या शेऱ्याचं वाटोळं केलंस. तुझ्या मैत्रिणींची गंमत झाली आणि माझं वर्ष गेलं."

"अगं, पण मी खरंच..."

"तू बोलत नाहीस तेच बरं असतं."

हे लागलं. मी इतकी वर्षं बोलत नव्हते तेव्हा हीच म्हणायची, बोलत जा गं, दगड आहेस का. आता बोलले तर हे. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आईने दोनदा हाक मारली तरी जेवायला उठले नाही. तिसऱ्यांदा उठले, कारण भूक लागली होती.

रविवारी दुपारी आम्ही आमच्या खोलीत, दोन पलंगांवर, दोन भिंतींकडे तोंडं करून पडलो होतो. मग ताई भिंतीलाच म्हणाली, "वरून काय दिसलं तुला?"

"कधी?"

"झोपलीस तेव्हा. नीट सांग. सगळं."

मी सगळं सांगितलं. ट्यूबलाइट, मॅनेजर, उशी, काचेतला माणूस. ऑपरेशनचं टेबलसुद्धा. ताई हळूहळू माझ्याकडे वळली.

"आणि मी? मी कशी दिसले?"

"क्लिपबोर्डवाली? परीक्षा घ्यायला आल्यासारखी. तू दारात उभी राहतेस ना, तेव्हाही तशीच दिसतेस. ओळखपत्र घालून. माणसांना वाटत असणार, ही दुकानाचीच, खरं सांगितलं तर पुन्हा आत नेईल."

ताई उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. "म्हणजे ते मला उत्तर देत नव्हते," ती म्हणाली. "माझ्यापासून सुटका करून घेत होते."

"मी तरी काय केलं? तेच केलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, आणि मग जरा रडली, आणि मग आईने दार उघडून विचारलं, "नक्की काय चाललंय?" तेव्हा आम्ही दोघी एकदम म्हणालो, "काही नाही."

सोमवारी ताई मनाची तयारी करून गेली, की आज मॅनेजर नारळ देणार. जाताच त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढचं ताईने मला सांगितलं ते असं. मॅनेजर दार लावून, आवाज खाली आणून म्हणाले, "काल सुट्टी होती. मी एकटाच आलो होतो. शटर आतून ओढून घेतलं आणि एकेका गादीवर झोपून बघितलं."

ताई म्हणाली, "मग सर?"

"ट्यूबलाइट डोळ्यांत येतो," मॅनेजर म्हणाले.

इथे ताईने धीर केला. मागच्या कोपऱ्यात एक गादी हलवू द्या म्हणाली. भोवती पडदा, ट्यूबलाइटऐवजी छोटा दिवा, बाहेर चपलांसाठी मांडणी. आणि नियम एकच: पडद्याच्या आत स्टाफपैकी कुणीही जायचं नाही, साहेबांनीसुद्धा नाही. सेल्समन काका कुरकुरले. "मग गिऱ्हाईक आत काय करतंय हे आम्हाला कळणार कसं?" मॅनेजर म्हणाले, "तुम्ही घरी झोपता तेव्हा मी येतो का बघायला?"

ताईने प्रश्नावली गुंडाळून ठेवली आणि ओळखपत्र पर्समध्ये टाकलं. ती लांब, बिलाच्या टेबलापाशी बसून फक्त बघायची: कोण पडद्याआड गेलं, कोण नाही, आणि बाहेर आल्यावर काय म्हणालं. रोज संध्याकाळी ती मला गोष्टी सांगायची, आणि मी दुसऱ्या दिवशी पोपटला, आणि पोपट सगळ्या शाळेला, सुट्ट्या लागल्यावर सगळ्या गल्लीला.

एक नवरा-बायको पडद्याआड गेले आणि गादीऐवजी सासूबाईंना कुठल्या खोलीत ठेवायचं यावर भांडून, दोन वेगळ्या गाद्या घेऊन गेले. एक आजोबा आत गेले ते बाहेरच येईनात. आजी स्टुलावर बसून राहिल्या आणि सेल्समन काकांना म्हणाल्या, "राहू द्या हो. घरी रात्रभर टक्क जागे असतात." आणि जे न घेता जायचे, ते आता कारण सांगून जायचे. फार मऊ आहे. आमचा जिना अरुंद आहे, वर जाणार नाही. मुलगा कडेवरून पडेल. मॅनेजर ही कारणं ऐकून भलतेच खूश व्हायचे. जिन्याचं ऐकल्यावर तर त्यांनी घडीच्या गाद्या मागवल्या. 'विचार करून सांगतो' म्हणणारे संपले नाहीत, पण ते बहुतेक पडद्याआड न गेलेले असायचे.

मग ताईने एक गोष्ट अशी केली की मॅनेजरांचं डोकंच फिरलं. चांगलं चाललेलं असताना तिने एक आठवडा पडदा काढून ठेवायला सांगितला. "विक्री होतेय ती पडद्यामुळे की आणखी कशामुळे, हे कळायला नको?" मॅनेजर म्हणाले, "मुली, चालत्या गाडीला खीळ घालायला कॉलेजात शिकवतात का?" पण काढला. माणसं पुन्हा गादीचा ताप बघायला लागली. आठवडा संपताच मॅनेजरांनी स्वतः स्टुलावर चढून पडदा लावला.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला घरचे लोक मागे बसले तरी चालतात, असं कॉलेजने सांगितलं होतं. ताई म्हणाली, येऊ नका. त्यामुळे आम्ही सगळे गेलो. बाबांनी बुटांना पॉलिश केलं. आई कपडे शिवायच्या कारखान्यात तपासणीला आहे, शिवण उसवलेली दिसली की तिला राहवत नाही. तिने खोलीत शिरताच खिडकीच्या पडद्याची खालची दुमड बघितली आणि मान हलवली.

समोर गाईड मॅडम आणि बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक. बारीक, वाळलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. ताईच्या आधीच्या मुलाला त्यांनी इतकं पिळलं होतं की तो जाताना दाराऐवजी कपाटच उघडायला लागला.

ताई बोलायला लागली. मग तिने तिची चूक सांगितली, दारात क्लिपबोर्ड घेऊन उभं राहण्याची, सरळ, काही न लपवता. आमच्या बाबांनी तिथे मान वर केली. यंत्र कुठे बिघडलं होतं हे कुणी सांगितलं की त्यांचा चेहरा असाच होतो.

परीक्षकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "याच काळात सुट्ट्या लागल्या. सुट्ट्यांत लोक घरासाठी खरेदी करतातच. तुमच्या पडद्याने काय केलं?"

मी बाबांकडे बघितलं, ते पुढे सरकून बसले होते.

"सर, म्हणून मी मध्ये आठवडाभर पडदा काढला," ताई म्हणाली. "सुट्ट्या चालूच होत्या. गर्दीही तेवढीच होती. पण झोपून बघणारे जवळजवळ थांबले आणि विक्री खाली आली." मग ती थांबली. "तरी एकच आठवडा होता, सर, आणि एकच दुकान. सुट्ट्यांचा वाटा किती, हे मला नेमकं सांगता येणार नाही. तेवढा काळ माझ्याकडे नव्हता."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ठीक," ते म्हणाले. "बाहेर थांबा."

आता 'ठीक' म्हणजे काय? बाहेरच्या बाकावर आम्ही चौघं ओळीने बसलो. बाबा म्हणाले, "ठीक म्हणजे ठीक." आई म्हणाली, "तुम्ही भाजीला ठीक म्हणता तेव्हा ती तुम्हाला आवडलेली नसते." ताई म्हणाली, "नाही येत सांगता, असं मी म्हणायला नको होतं." मी तिचा हात धरून बसले.

दार उघडून गाईड मॅडम बाहेर आल्या. त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गं. पास. नेमकं सांगता येत नाही म्हणालीस ना, तेच त्यांना आवडलं."

लोकांचा जीव भांड्यात पडतो, आमचा चौघांचा त्या लाकडी बाकावरच पडला. ताई एकदम सैल झाली आणि आईच्या खांद्यावर टेकली. बाबांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, चष्मा पुसला आणि मग काही कारण नसताना बाकही पुसला. तेवढ्यात परीक्षक बाहेर पडले. दोन पावलं पुढे जाऊन परत वळले.

"ते शोरूम संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं?" त्यांनी ताईला विचारलं. आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "सहज विचारलं."

तिथून आम्ही थेट शोरूमला गेलो, मॅनेजरांचे आभार मानायला. त्यांनी शेरा आधीच लिहून तयार ठेवला होता. ताईने तो वाचला आणि इतका चांगला असेल यावर विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचला. मॅनेजर मला बघून म्हणाले, "या, चौकशी अधिकारी."

"काका, आता कुठल्या गादीवर झोपता?" मी विचारलं. या वेळी काडीने डिवचलं नव्हतं.

त्यांनी इकडेतिकडे बघून कडक गाद्यांच्या रांगेतल्या एकीकडे बोट दाखवलं. मग बाबांना म्हणाले, "तुम्ही बघा ना झोपून."

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "आम्ही फक्त आभार मानायला आलो."

"अहो, चला," आई म्हणाली. "सकाळपासून ताठ बसून माझी कंबर गेलीय."

बाबांचे पॉलिश केलेले बूट आणि आईच्या चपला मांडणीवर शेजारी शेजारी लागल्या. पडदा सरकला. आतून आईचा आवाज आला, "कडेची शिवण बरी आहे." मग बाबांचा, "अगं, ही खरंच बरी आहे." बिलाच्या टेबलापाशी ताई हसत होती. इतके दिवस तिथे बसून ती बघायची. आज नुसतीच बसली होती.

मी पडद्यापाशी गेले. स्टाफने आत जायचं नाही असा नियम आहे, मी काही स्टाफ नाही. आत डोकावले. दोघं उताणे पडून छताकडे बघत होते. बाबांचे हात पोटावर, आईचे डोळे अर्धे मिटलेले. छोट्या दिव्याच्या उजेडात दोघं इतके निवांत मी कधी पाहिले नव्हते.

"घ्यायची का?" मी विचारलं.

"विचार करून सांगू," बाबा म्हणाले, आणि आपलं आपल्यालाच हसू येऊन गदागदा हलायला लागले. त्यांच्याबरोबर आईही हलायला लागली, कारण गादी एकच होती.

मी गादीच्या पायाशी उभी राहिले. घसा खाकरला नाही, मैत्रिणींना आठवलं नाही.

"तुम्ही उठू नका, पडूनच ऐका," मी म्हणाले. "सायन्सच्या क्लासचं मी विचार करून सांगते म्हणाले होते ना, ते मी तुमच्यापासून सुटायला म्हणत होते. आता खरंच विचार झालाय. मी त्या क्लासला जाणार नाही. मी पुढे ताईचाच कोर्स करणार आहे, आणि तो करताना मला जे जे विचारावंसं वाटेल, ते सगळं विचारणार आहे."